‘लिव्हर टेस्ट नॉर्मल’ म्हणजे नक्की काय नॉर्मल?

पोस्ट मोठी आहे. पण घरात पन्नाशी ओलांडलेलं कुणी असेल आणि कपाटात रक्ताच्या रिपोर्टची पिशवी पडून असेल, तर वेळ काढून वाचा.

सध्या आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागलेत. अमुक रुपयांत फुल बॉडी चेकअप, इतक्या टेस्ट, घरी येऊन रक्त नेणार. त्या यादीत ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ हमखास असते. लोक तिला एलएफटी म्हणतात. फंक्शन म्हणजे काम. नाव वाचून कुणालाही वाटणार की लिव्हर किती काम करतंय ते मोजलं. पण त्या कागदावरच्या बऱ्याच ओळी काम मोजतच नाहीत. कामाची मोजणी वेगळी असते आणि ती रंग सोडून करतात. माझ्या मामांच्या आजारपणात ती मी समोर बसून पाहिली. मामांना विचारूनच लिहितोय. त्यांचं आणि दवाखान्याचं नाव टाकत नाही, त्याची गरजही नाही.

मामा ६१ वर्षांचे. शेतकरी, माळकरी. चहाशिवाय दुसरं व्यसन नाही. पोटात उजवीकडे दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये गाठ दिसली. सीटी स्कॅनवर ४ सेंटिमीटरची निघाली. कॅन्सरची. पुढच्या तपासण्यांत कळलं की हिपॅटायटिस बी अंगात आहे, कदाचित लहानपणापासून असेल. गावात मात्र चर्चा वेगळीच. ‘माळ घालून पण प्यायचे वाटतं लपून.’ लिव्हर म्हटलं की दारू, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की मामींना आजारापेक्षा त्या बोलण्याचाच जास्त त्रास झाला.

मामेभाऊ सारखं एकच म्हणत होता, “दादा, दरवर्षी टेस्ट करत होतो. दरवर्षी नॉर्मल होती. मग हे अचानक कुठनं आलं?”

बातमीदारीत वीस वर्षं गेली की एक सवय लागते. आकडा दिसला की तो कशाचा, हे विचारायचं. मी तीन वर्षांचे रिपोर्ट तारखेनं लावून टेबलावर मांडले. एसजीपीटी ४१, ३६, ३८. तिन्ही नॉर्मलच्या आत, आणि तिन्ही वर्षी लोकांनी तीच ओळ बघून कागद घडी घालून ठेवला. पण खालच्या ओळीत अल्ब्युमिन ३.८ वरून ३.४ आणि मग ३.१ झालं होतं. दुसऱ्या कागदावर प्लेटलेट १,४२,००० वरून १,१८,००० आणि मग ९६,०००. म्हणजे घसरण कागदावर होती. ती एका रेषेत कुणी वाचली नव्हती.

आता एसजीपीटी म्हणजे काय? लिव्हरच्या पेशीच्या आत असणारं ते एक एन्झाइम. पेशी दुखावली, फुटली की ते रक्तात सांडतं. किती सांडलं ते लॅब मोजते.

आपल्या भागात कारखान्याचं उदाहरण सगळ्यांना कळतं, म्हणून तेच देतो. समजा साखर कारखाना कसा चाललाय हे तुम्हाला बघायचंय आणि त्यासाठी तुम्ही गेटवर उभं राहून किती कामगार जखमी होऊन बाहेर पडले ते मोजताय. त्यातून आत अपघात होतायत का ते कळेल. रोजचं गाळप किती ते कळणार नाही. आणि निम्मे कामगार वर्षानुवर्षं गळून गेले असतील, तर जखमी होणारे तरी किती उरणार? गेटवर सगळं शांत दिसेल. लिव्हर आतून कडक होऊन सुरकुतलं, ज्याला सिरॉसिस म्हणतात, की बऱ्याचदा हेच होतं. एसजीपीटी नॉर्मल, आणि लिव्हर थकलेलं.

एलएफटीत कामाबद्दल सांगणाऱ्या ओळीच नसतात असं नाही. बिलिरुबिन आहे, ते लिव्हर बाहेर टाकतं. अल्ब्युमिन आहे, ते लिव्हर तयार करतं. पण अल्ब्युमिन रक्तात निम्मं व्हायला वीसेक दिवस लागतात, त्यामुळे ते हळू बोलतं. रक्त गोठण्याची आयएनआर टेस्ट लवकर बोलते, पण ती बहुतेक पॅकेजात नसते.

मामांना घेऊन आम्ही पुण्याला गेलो. मामेभावाची तयारी पूर्ण होती. थोडी जमीन गहाण टाकायची, पण गाठ मुळासकट काढायची. गाठ उजव्या बाजूला, म्हणजे उजवा भाग अख्खा काढा, विषय संपवा, असं त्याचं म्हणणं. सर्जनने ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उजवा भाग म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास लिव्हर. काढणं मला जमेल. उरलेल्या चाळीस टक्क्यांवर यांना जगणं जमेल का, ते आधी बघू.”

मामांच्या कागदांवरून चाइल्ड-प्यू नावाचा स्कोअर काढला होता. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि मेंदूवरची गुंगी या पाच गोष्टींचा तो स्कोअर असतो. मामा ‘ए’ वर्गात बसले, म्हणजे सगळ्यात चांगल्या. भावाचा चेहरा उजळला. सर्जन म्हणाले, “पहिल्या वर्गात ६० टक्केवालाही असतो आणि ९० टक्केवालाही. हे नक्की कुठले, ते उद्या सकाळी बघू. उपाशीपोटी आणा.”

दुसऱ्या दिवशी जे झालं ते इतकं साधं होतं की खर्चाच्या मानानं भावाला ते काहीच वाटलं नाही. नर्सने आयोडिनची ॲलर्जी आहे का ते विचारलं, कारण त्या औषधात थोडं आयोडाइड असतं. मामांच्या बोटाला चिमटा लावला. कोरोनात घरोघर आलेला ऑक्सिमीटर आठवतो ना, दिसायला तसाच. मग शिरेतून गडद हिरवं इंजेक्शन दिलं. इंडोसायनिन ग्रीन, डॉक्टर लोक आयसीजी म्हणतात. वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, मामा ५८ किलोचे म्हणजे २९ मिलिग्रॅम. पुढची काही मिनिटं आम्ही सगळे स्क्रीनवरची खाली उतरणारी रेष बघत बसलो.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. हा रंग रक्तात गेला की तिथल्या प्रथिनांना चिकटतो आणि रक्तातच फिरतो. किडनी त्याला हात लावत नाही. त्याला फक्त लिव्हर उचलतं आणि जसाच्या तसा पित्तात टाकतं. आतड्यातून तो परत रक्तातही येत नाही. म्हणजे रक्तातून रंग किती वेगानं नाहीसा होतो, ते सरळ लिव्हरचंच काम. दुसरा कुणी वाटेकरी नाही.

निरोगी माणसात साधारण तीन-चार मिनिटांत रंग निम्मा होतो. हिशोब तुम्हीही करू शकता. सुरुवातीला १००. पुढे ५०, २५, साडेबारा, सव्वासहा. पंधरा मिनिटांत चार वेळा निम्मा. म्हणून पंधरा मिनिटांनी १० टक्क्यांपेक्षा कमी रंग उरला तर लिव्हर ठणठणीत समजतात.

मामांचा आकडा आला २४ टक्के. म्हणजे पंधरा मिनिटांत रंग जेमतेम दोनदा निम्मा झाला होता. एसजीपीटी ३८, चाइल्ड-प्यू ‘ए’, आणि तरीही लिव्हरचा वेग निरोगी माणसाच्या निम्म्यावर.

या २४ चा अर्थ काय, हे जपानी सर्जननी फार आधी बांधून ठेवलंय. जपानमध्ये हिपॅटायटिसमुळे होणारा लिव्हर कॅन्सर खूप होता आणि ऑपरेशननंतर उरलेलं लिव्हर बंद पडून माणसं जात होती. मासातोशी माकुउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक पायऱ्यांचा नियम मांडला. आधी पोटात पाणी आहे का बघा, मग कावीळ आहे का बघा. दोन्ही नसेल तरच रंगाचा आकडा बघा. १० च्या आत असेल तर उजवा भाग काढता येईल. १० ते १९ असेल तर डावा भाग किंवा त्याएवढा छोटा तुकडा. २० ते २९ असेल तर लिव्हरच्या आठ भागांपैकी एखादाच. त्यापुढे जेमतेम गाठीभोवतालचा भाग, आणि ४० च्या वर नुसती गाठ खरवडून काढण्याइतकंच.

मामा तिसऱ्या पायरीवर. उजवा भाग काढायचा विषय तिथंच संपला.

भाऊ चिडला. “पैसे भरायला तयार आहोत, मग डॉक्टर मागं का सरतायत?” त्याचा राग मला समजत होता. जमीन गहाण टाकायची तयारी ठेवून आलेल्या माणसाला ‘थोडंच काढतो’ हे ऐकायला हातचं राखल्यासारखं वाटतं. मामा मात्र शांतपणे म्हणाले, “अरे, बैल थकलेला असताना जू दुप्पट ठेवतोस का?” पुढं काही बोलायची वेळच आली नाही.

हे सगळं बघितल्यावर या परीक्षेचा इतिहास शोधल्याशिवाय मला राहवेना. तोही सांगतो, कारण आपल्या आजच्या रिपोर्टचं नाव चुकलं कसं ते त्यातूनच कळतं.

रंग सोडून लिव्हर मोजायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. १९२५ मध्ये अमेरिकेत रोझेन्थाल आणि व्हाइट यांनी ब्रोमसल्फॅलीन नावाचा रंग वापरात आणला. किलोला ५ मिलिग्रॅम द्यायचा आणि ४५ मिनिटांनी रक्त घ्यायचं. ५ टक्क्यांहून कमी उरला तर ठीक. अनेक वर्षं लिव्हरचं काम मोजायची हीच रीत होती. पुढे १९४५ मध्ये ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी याच रंगानं लिव्हरमधून मिनिटाला किती रक्त वाहतं तेही मोजलं. निरोगी माणसात ते दीड लिटरच्या आसपास भरतं.

ते कसं मोजतात? पुन्हा कारखान्यात चला. आत जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीत १० टन ऊस आहे. बाहेर येणाऱ्या ट्रॉलीत ५ टन तसाच परत येतोय. म्हणजे दर ट्रॉलीमागे ५ टन गाळला. तासाला एकूण गाळप ५०० टन असेल, तर तासाला १०० ट्रॉल्या आल्या, हे गेटवर न मोजताही सांगता येतं. ब्रॅडलींनी हेच केलं. रंग शिरेतून एका वेगानं देत राहिले, लिव्हरमधून बाहेर येणाऱ्या शिरेपर्यंत बारीक नळी नेली आणि आत जाताना रंग किती, बाहेर येताना किती, यातला फरक धरून रक्ताचा प्रवाह काढला.

पण ब्रोमसल्फॅलीननं काही रुग्णांना जोरदार ॲलर्जी व्हायची, मृत्यूही झाले. तो मागे पडला. त्याआधीच, १९५० च्या दशकात, एसजीओटी आणि एसजीपीटी मोजायची सोपी पद्धत आली होती. एक नळी रक्त, इंजेक्शन नाही, थांबणं नाही, धोका नाही. ती जगभर पसरली हे बरोबरच झालं, कारण लिव्हरला इजा होतेय का हे ती चांगलं सांगते. फक्त ‘फंक्शन टेस्ट’ हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

आयसीजीचा जन्म तर आणखी मजेशीर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा रंग कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत फोटोग्राफीसाठी तयार झाला. १९५० च्या दशकात मेयो क्लिनिकमधल्या आयर्विन फॉक्स आणि अर्ल वुड यांना हृदयातून किती रक्त वाहतं ते मोजायला एक रंग हवा होता. रक्तातला ऑक्सिजन कमी-जास्त झाला तरी आकडा न बदलणारा. हा रंग ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश शोषतो आणि तिथं ऑक्सिजनवाल्या आणि बिनऑक्सिजनवाल्या रक्तात फरक पडत नाही. म्हणून तो पसंत पडला. वापरताना लक्षात आलं की लिव्हर त्याला झपाट्यानं उचलतं. १९५९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बोटाच्या चिमट्यानं मोजता येतं तेही त्या प्रकाशाच्या गुणामुळेच. आज डोळ्याचे डॉक्टरही हाच रंग पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बघायला वापरतात.

आता या परीक्षेची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही पोस्ट म्हणजे जाहिरात होईल.

गाळप कमी झालं की कारण दोनपैकी एक असतं. गिरणीचे रोलर झिजले, किंवा उसाच्या ट्रॉल्याच येईनात. रंगाच्या बाबतीतही तसंच. पेशी थकल्या तरी आकडा बिघडतो आणि लिव्हरला रक्त कमी पोचलं तरी बिघडतो. हृदय कमजोर असेल, बीपी खाली गेलं असेल, लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी असेल, तर पेशी धडधाकट असूनही रंग हळू जाईल. सिरॉसिसमध्ये तर तिसरी भानगड. लिव्हर कडक झालं की रक्त त्याला वळसा घालून बाहेरच्या बाहेर नवे रस्ते काढतं. ट्रॉल्या कारखान्यावरून जातात पण गव्हाणीपर्यंत येत नाहीत. बोटाचा चिमटा या तिन्हींत फरक करत नाही, तो एकच एकत्र आकडा देतो. पित्ताची नळी तुंबून कावीळ झाली असेल तर तो आकडा भरवशाचा राहत नाही. शिवाय तो अख्ख्या लिव्हरचा असतो, डावी बाजू चांगली की उजवी ते सांगत नाही. त्यासाठी सीटीवर उरणाऱ्या भागाचं माप काढावं लागतं. मामांचं ते माप, हृदयाची तपासणी आणि शिरांची सोनोग्राफी झाल्यावरच सर्जननी २४ या आकड्यावर विश्वास टाकला.

आणि ही सोय सगळीकडे नाही. आपल्या तालुक्यात नाही. अनेक चांगले सर्जन हा रंग न वापरता सीटीचं माप, प्लेटलेट, फायब्रोस्कॅन आणि अनुभव यावर योग्य निर्णय घेतात. तेव्हा रंग सोडला नाही म्हणून कुणा डॉक्टरवर संशय घेऊ नका. मुद्दा वेगळाच आहे. मोठं ऑपरेशन ठरवताना ‘काढता येईल का’ याच्याबरोबर ‘उरलेलं पुरेल का’ हा प्रश्न कुणीतरी विचारलेला असला पाहिजे. रुग्णाच्या घरच्यांनीही तो विचारावा. तो विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

मामांचा गाठ असलेला एकच भाग काढला. नवव्या दिवशी घरी आले. हिपॅटायटिस बीची एक गोळी रोज, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. दोन वर्षं झाली. यंदा वारीत दोन मुक्काम चालले. गाठ पुन्हा येऊ शकते, कारण लिव्हर तेच आहे. ते मामांना ठाऊक आहे, आम्हालाही.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो, कारण रंगाची परीक्षा ही शेवटच्या टप्प्याची गोष्ट. घसरण त्याच्या कितीतरी आधी पकडता येते, तीही स्वस्तात.

पहिलं, रिपोर्ट सुटा वाचू नका. तीन वर्षांचे कागद तारखेनं लावा. एसजीपीटी ठीक असलं तरी अल्ब्युमिन आणि प्लेटलेट दरवर्षी उतरतायत का बघा. उतरत असतील तर डॉक्टरांना तेच बोट ठेवून दाखवा.

दुसरं, फिब-४ नावाचा फुकटचा हिशोब आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट हे चार आकडे घातले की निघतो. १.३ च्या खाली असेल तर लिव्हर कडक झाल्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर पुढची तपासणी हवीच. साठी-पासष्टीनंतर हा आकडा वयामुळेही थोडा वाढतो, म्हणून अर्थ डॉक्टरांनाच विचारा. मामांच्या जुन्या कागदांवरून मी तो काढला तर ५ च्या वर आला. त्यासाठी नवी टेस्ट लागली नाही.

तिसरं, आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बी आणि सी तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात जवळपास ३ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी होता. बहुतेकांना पत्ताच नसतो. २०१८ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. एकाला निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि नसेल त्यांना लस. आमच्याकडे मामेभावालाही निघाला. तोही आता उपचाराखाली आहे, वेळेत.

चौथं, जे नेतेमंडळी वाढदिवसाला आरोग्य शिबिरं घेतात त्यांना हात जोडून विनंती. साठ टेस्टचा फ्लेक्स लावण्यापेक्षा हिपॅटायटिस बी, सी आणि प्लेटलेट या तीन गोष्टी करा आणि रिपोर्ट समजावून सांगायला एक डॉक्टर बसवा. लॅबवाल्या मित्रांनाही विनंती. कागदावर ‘सर्व नॉर्मल’ असा शिक्का मारू नका. आकडे द्या, मागच्या वर्षीचे शेजारी छापा. कॉम्प्युटरला ते अवघड नाही.

आणि शेवटचं. लिव्हरचा आजार म्हटलं की लगेच बाटलीकडे बोट दाखवू नका. त्या एका शंकेपायी कित्येक न पिणारी माणसं तपासणीला जायलाच लाजतात. हिपॅटायटिस जन्माच्या वेळी आईकडून येतो, न उकळलेल्या सुईतून येतो, साखरेच्या आजारात आणि वजन वाढलेल्या माणसात लिव्हरवर चरबी साठते. यातलं काहीच चारित्र्याचं सर्टिफिकेट नाही.

ओळखीत कुणाची अशी फाईल पडून असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. कागद आजच रात्री बाहेर काढा, तारखेनं लावा आणि उद्या डॉक्टरांकडे घेऊन जा.